आईला दिलेला शब्द

चष्मा तिला दुसरीत असतानाच लागला आणि तेव्हापासून ती ढापणी झाली. इमारतीतली पोरं चिडवायला म्हणायची, मोठी माणसं लाडाने म्हणायची, आणि पुढे पुढे तर तिची आईसुद्धा जिन्यातून ओरडायची, "ढापणे, गॅस बंद केलास ना?" तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. वडील मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर. घरी असले तर बहुतेक झोपलेले, नाहीतर रस्त्यावर. त्यामुळे घर म्हणजे आई आणि ढापणी. आई युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात भरतकामाच्या मशीनवर होती. शाळेच्या शर्टांवरचे बिल्ले, हॉटेलच्या पोऱ्यांच्या टोप्या, हॉस्पिटलातल्या पांढऱ्या कोटांच्या खिशावरची डॉक्टरांची नावं. दिवसभर इंग्रजी अक्षरं तिच्या सुईखालून जायची. आठवीत शाळा सुटलेली. अक्षरं ओळखायची सगळी, पण ती जोडून शब्द झाला की तिची वाट बंद. "ए पासून झेडपर्यंत सगळे माझ्या ओळखीचे," ती हसत म्हणायची, "पण माझ्याशी बोलत कुणी नाही."

एखादं अवघड नाव आलं की ती स्पेलिंग घरी आणायची आणि ढापणीकडून तपासून घ्यायची. ढापणीने मान हलवली की झालं. मग मालकाने सांगितलं तरी ती बदलायची नाही. "माझ्या मुलीने बघितलंय," एवढंच म्हणायची.

मुलगी हुशार होतीच. बारावीला असताना तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला एका मोठ्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं ठरवलं. बाकी सगळं तिला येत होतं. गणिताची तर भीतीच नव्हती. अडत होतं इंग्रजीपाशी. त्या परीक्षेत असे शब्द यायचे की जे कुणी बोलत नाही, पण माहीत नसले की गेलात तुम्ही. त्यासाठी एक वेगळा क्लास होता. तिथले सर फक्त शब्दच शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे शब्दवाले सर म्हणायचे.

सरांची एक युक्ती होती. "शब्द नुसते घोकलेत तर परीक्षेच्या दारातच तुम्हाला टाटा करतील," ते सांगायचे. "प्रत्येक शब्द ओळखीच्या एकेका माणसाला चिकटवा. माणूस डोळ्यांपुढे आला की त्याच्यामागून शब्द येतोच."

ढापणीला ही युक्ती इतकी जमली की विचारू नका. खालचा किराणा दुकानदार गिऱ्हाइकाशी मानेनेच बोलायचा. तो झाला टॅसिटर्न, म्हणजे अबोल. वडिलांचा भाऊ साधं पाणी पितानाही भाषण दिल्यासारखा प्यायचा. तो पॉम्पस, म्हणजे उगाच मोठेपणा मिरवणारा. आईच्या कारखान्यातल्या मोठ्या बाई कापडावर खडूची रेघ मारायच्या आधी ते कापड दोनदा झटकून, तीनदा मापून घ्यायच्या. त्या मेटिक्युलस, अतिशय काटेकोर. असं करत करत सगळी इमारत, सगळी गल्ली तिने शब्दांना वाटून टाकली. जिना उतरताना समोरून कुणी आलं की तिच्या मनात आधी शब्द यायचा आणि मग त्याला काय म्हणायचं ते.

क्लासमध्ये एकदा पालकांना बोलावलं होतं. आई कामावरून तशीच आली, ओढणीला रंगीत धागे चिकटलेले. बाकीच्या आयाबापांनी विचारलं ते ठीकच होतं. किती मार्क लागतात, कुठली पुस्तकं घ्यायची. सरांनी शेवटी विचारलं, "आणखी कुणाला काही?" तर हिने हात वर केला.

"सर, एवढे अवघड शब्द मुलं शिकतात. परीक्षा झाली की मग हे बोलायचे कुणाशी?"

आधी एक बाप हसला, मग मुलं हसली, आणि मग सरही हसले. सर म्हणाले, "ताई, बोलायचे नाहीत, गोल करायचे. उत्तराभोवती." पुन्हा हशा. आईही त्यांच्याबरोबर हसली. तिला वाटलं, आपण बरा विनोद केला. ढापणी मात्र चष्मा काढून उगाचच पुसत बसली. चष्मा काढला की तिला समोरची माणसं दिसायची नाहीत, हे एक बरं होतं.

त्याच संध्याकाळी तिच्या पुस्तकात एक नवा शब्द आला. ऑब्ट्यूज. अर्थ लिहिला होता, मठ्ठ, साधी गोष्टही ज्याच्या डोक्यात शिरत नाही असा. या शब्दासाठी तिला माणूस शोधावा लागला नाही. तो आधीच येऊन उभा होता, ओढणीला धागे चिकटलेला.

ती ओट्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत घोकू लागली. "ऑब्ट्यूज, आई. ऑब्ट्यूज, आई." मोठमोठ्याने. दार नुसतं लोटलेलं आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. वळली तर आई उंबऱ्यात उभी, एका पायातली चप्पल काढलेली, हातात भाजीची पिशवी.

"माझं नाव काढलंस?" आई म्हणाली. चेहरा फुललेला. "मलापण शब्द मिळाला? मोठ्या बाईंना दिलास तेव्हापासून वाट बघतेय मी. काय म्हणजे काय तो?"

खरं सांगायला ढापणीची जीभ उचलेना. आणि खोटं सुचायला तिला जराही वेळ लागला नाही. हेच पुढे तिला सगळ्यात जास्त खायचं. हुशार होती ना, सुचलं पटकन.

"अगं, भूमितीत नाही का ऑब्ट्यूज अँगल? तो म्हणजे विशालकोन."

"विशालकोन आम्हालाही होता की! काटकोनापेक्षा मोठा."

"तोच. तर ऑब्ट्यूज म्हणजे विशाल. माणसाला लावला की विशाल मनाचा. मोठ्या मनाची आहेस ना तू, म्हणून."

आई पिशवी खाली ठेवायची विसरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं गं." आणि दुसरी चप्पल पायात ठेवूनच आत आली.

तेव्हा ढापणीला थोडं हसूच आलं होतं. दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या मैत्रिणीला तिने ते सांगितलंसुद्धा, आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. पण हसू फार दिवस टिकलं नाही, कारण आई तो शब्द मनावर घेऊन बसली. नळावर शेजारणीने मध्येच बादली घुसवली, तर नेहमी कडाकडा भांडणारी आई म्हणाली, "भरा तुम्ही आधी." घरी येऊन सांगते काय, "आता मला ऑप्टूस म्हटलंय तर तसं वागायला नको?" तिच्या तोंडात तो शब्द ऑप्टूस असाच बसला होता. कारखान्यात काज-बटणाचं काम करणारी एक बाई कात्रीवरून रोज कुणाशी ना कुणाशी वाजवायची. तिलाही आईने समजावलं, "जरा ऑप्टूस हो गं. मनाने मोठं व्हावं माणसाने." आणि अर्थ विचारला की सगळ्यांना विशालकोनापासून सांगायची.

ढापणी हे ऐकायची आणि पुस्तकात डोकं घालायची. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण आता सांगायचं म्हणजे शब्दाचा अर्थ सांगून भागणार नव्हतं. तो तिला का लावला होता, तेही सांगावं लागणार होतं. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. परीक्षा ही मोठी सोयीची गोष्ट असते. तिच्यामागे काहीही लपवता येतं.

परीक्षेला काही दिवस उरले असताना मोठ्या बाईंनी काम सोडायचं ठरवलं. त्यांच्या बोटांचे सांधे धरले होते, कात्री चालेना. या मोठ्या बाई म्हणजे कारखान्यातल्या मुख्य कटिंग करणाऱ्या. ढापणी अंगावर पीत होती तेव्हा आईला कुणी कामावर घेत नव्हतं. मोठ्या बाई मालकाला म्हणाल्या, "पोरीला मी बघते, तुम्ही हिला मशीन द्या." मग कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांनी भरलेल्या टोपलीत ढापणी झोपायची आणि वरून कात्रीचा आवाज यायचा. ती चालायला लागली तीही त्याच टेबलाचा पाय धरून. आईला ए पासून झेडपर्यंत भरायला शिकवलं तेही मोठ्या बाईंनीच.

निरोपाला सगळ्यांनी मिळून एक घड्याळ घ्यायचं ठरवलं होतं. आईला तेवढ्याने समाधान नव्हतं. तिने स्वतःचं कापड आणलं, गडद निळं सॅटिन, आणि उशीचा अभ्रा करायला घेतला. चारी बाजूंनी वेल भरली. मधली जागा रिकामी ठेवली. एका संध्याकाळी तो अभ्रा मांडीवर घेऊन ती ढापणीपाशी बसली.

"आता मधे शब्द भरायचाय. ऑप्टूसचं स्पेलिंग सांग."

ढापणीच्या हातातली पेन्सिल थांबली. "कशाला तो? दुसरा देते ना. मॅग्नॅनिमस म्हणून आहे. त्याचाही अर्थ मोठ्या मनाचा. जास्त भारी आहे तो."

"किती लांबलचक! मावणार नाही."

"लहान अक्षरात भर."

"नको गं." आईने सॅटिनवरून हात फिरवला. "तो पुस्तकातला झाला. हा तू मला दिलेला आहे. मी माझ्यातला त्यांना देते. नाहीतरी खरा त्यांनाच शोभतो तो. मी काय, त्यांच्याकडे बघून शिकले."

आता सांगायला हवं होतं. ढापणीने तोंड उघडलंही. पण आईने कापडावर खूण करायला खडू उचलला होता आणि ती वाट बघत होती, डॉक्टरांच्या नावासाठी बघायची तशीच, पूर्ण विश्वासाने. ढापणीने मान खाली घातली आणि एकेक अक्षर सांगितलं. ओ. बी. टी. यू. एस. ई. आई प्रत्येक अक्षर पुन्हा उच्चारत गेली.

निरोपाचा कार्यक्रम शनिवारी दुपारी, कारखान्यातच होता. मशीन बंद करून मधे खुर्च्या मांडल्या होत्या. ढापणीने अभ्यासाचं निमित्त काढून पाहिलं, पण आई म्हणाली, "मोठ्या बाईंना काय वाटेल? टोपलीत वाढलीस त्यांच्या." मग गेली. चहाच्या कपांचं टेबल होतं, त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

मालक बोलले, घड्याळ दिलं. मग आई पुढे झाली आणि तिने अभ्रा घातलेली उशी मोठ्या बाईंच्या मांडीवर ठेवली. काम देखणं झालं होतं. सोनेरी धाग्यातली ती सहा अक्षरं लांबून चमकत होती. बायका वाहवा करायला लागल्या. मालकांची सून ऑर्डरचं काम बघायची, चांगली शिकलेली. तिने वाकून वाचलं आणि तिच्या तोंडून फस्सकन हसू निसटलं. बिचारीने लगेच ओठ दाबले. पण मालकांनी विचारलं, काय झालं, आणि तिने त्यांच्या कानात सांगितलं. मालक मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही.

"अहो भरतकामवाल्या बाई!" ते गडगडाटी हसले. "निरोपाच्या दिवशी बाईंना मठ्ठ म्हणताय होय? मठ्ठ लिहिलंय हे, मठ्ठ!"

सगळे हसले. ज्यांना कळलं नव्हतं तेही हसले. काज-बटणवाली तर खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. "आणि मला सांगत होती, ऑप्टूस हो म्हणून!"

आईने ढापणीकडे पाहिलं. अगदी क्षणभर. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि ढापणीने नजर कपांकडे वळवली. तेवढं उत्तर आईला पुरलं.

"माझीच चूक," आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "मुलीने दुसराच शब्द सांगितला होता, चांगला लांब. मी धांदरट, भलताच भरून बसले. बाई, उसवून देते हो मी."

"राहू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुला मशीनवर घेतलं तेव्हा मालक मला मठ्ठच म्हणाले होते." पुन्हा हशा झाला आणि कार्यक्रम पुढे सरकला. पण मोठ्या बाईंनी उशी मांडीवर पालथी घातली आणि जाईपर्यंत ती तशीच होती, हे ढापणीने पाहिलं. तिला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. आईने नाही, मी सांगितला तो शब्द. ती कप गोळा करत राहिली. एवढे मन लावून कप तिने जन्मात कधी गोळा केले नव्हते.

घरी जाताना आई भाज्यांच्या भावाबद्दल बोलली. जिन्यात किराणावाल्याच्या बायकोशी बोलली. घरात आल्यावर दार लावून तिने विचारलं, "तू मला लावला होतास तेव्हा, हाच अर्थ होता?"

"आई, मी..."

"एवढंच सांग. हाच होता?"

ढापणीने मानेनेच हो म्हटलं.

"बरं," आई म्हणाली. ओट्यापाशी गेली, पातेलं घेतलं. "परीक्षा तोंडावर आलीय. अभ्यासाला बस."

"मला बोलायचंय तुझ्याशी."

"परीक्षेनंतर बोलू."

परीक्षा झाली. पेपर चांगला गेला. शब्दांचा विभाग तर इतका सोपा गेला की तिची तिलाच लाज वाटली. एकेका शब्दामागून एकेक ओळखीचा चेहरा येत गेला, सर म्हणाले होते तसाच, आणि तिने उत्तरांभोवती गोल केले. बाहेर आल्यावर मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. ती सरळ मोठ्या बाईंच्या घरी गेली.

मोठ्या बाई पुतण्याकडे राहायच्या. गरम पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या. ढापणीने सगळं सांगितलं. क्लासमधला हशा, ओट्यापासून खिडकीपर्यंतच्या फेऱ्या, विशालकोन, स्पेलिंग. सांगताना रडली. तिला वाटलं होतं, त्या जवळ घेतील. टोपलीतली पोर ना ती त्यांची.

मोठ्या बाईंनी बोटं पाण्यातून काढली नाहीत. "मला कशाला सांगतेस? माझं काय गेलं? उशी आहे, डोक्याखाली घेते. कारखान्यात तुझ्या आईला आता काय म्हणतात माहितीये? ऑप्टूस. ‘ऑप्टूस, दोरा दे. ऑप्टूस, चहाला चल.’ माझी भाची आहे ना तिथे, ती सांगत होती. तुझी आई ओ देते."

ढापणी तिथून उठली ती कारखान्यात. आता तिच्या डोक्यात एकच होतं, हे मिटवायचं. चहाची सुटी होती, सगळे एकत्र बसले होते. ती मधे जाऊन उभी राहिली.

"त्या दिवशी आईची चूक नव्हती. तो शब्द मी सांगितला होता. अर्थ मीच खोटा सांगितला. आईला काहीच माहीत नव्हतं. तिला हसू नका."

काज-बटणवालीने बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तुटून आत पडलं तरी तिला कळलं नाही. मालकांच्या सुनेने नजर फिरवली. कुणीतरी म्हणालं, "बरं झालं बाई सांगितलंस," पण ते कसंनुसंच. सगळे आईकडे बघत होते. आणि ते बघणं हसण्यापेक्षा वाईट होतं.

आईने ढापणीचा दंड धरला आणि तिला मागच्या बाजूला, कापडाच्या ताग्यांच्या खोलीत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा ढापणीने तिला इतकं रागावलेलं पाहिलं.

"कुणी सांगितलं होतं तुला हा शहाणपणा करायला?"

"ते तुला हसतात, आई. मला सहन नाही झालं."

"तुला सहन नाही झालं! हसत होते ते माझ्या ऐकण्याला. धांदरट आहे म्हणत होते. म्हणू देत! मी काय धांदरट नाही? उद्या विसरले असते. आता काय कळलं त्यांना? हिची पोटची पोर हिला मठ्ठ म्हणते, आणि वर हिला बनवते. आणि ही ते गावभर मिरवत फिरली. ते झाकलं होतं मी. तुझ्यासाठी नाही झाकलं, माझ्यासाठी झाकलं. तेवढं तरी ठेवायचं होतंस माझं."

ढापणी कबुली द्यायला आली होती ती आईसाठी, असं तिला वाटत होतं. ताग्यांच्या त्या खोलीत, धुळीच्या आणि नव्या कापडाच्या वासात, तिला पहिल्यांदा दिसलं की ती स्वतःचं ओझं उतरवायला आली होती, आणि उतरवलं ते आईच्याच डोक्यावर. ऑब्ट्यूजचा पुस्तकातला अर्थ तिला तोंडपाठ होता. साधी गोष्ट न कळणं म्हणजे काय, ते मात्र तिला तेव्हा कळलं.

त्या दिवसानंतर कारखान्यात आईला ऑप्टूस म्हणणं बंद झालं. सगळे जरा जास्तच जपून वागायला लागले. काज-बटणवाली स्वतः होऊन कात्री पुढे करायची. आई घरी येऊन म्हणायची, "त्यापेक्षा भांडत होती तेव्हा बरी होती." पण हे ती भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची.

निकाल लागला. ढापणीला प्रवेश मिळाला. वडील ट्रक रस्त्याच्या कडेला लावून फोनवर ओरडले, काकांनी भाषण केलं, इमारतीत पेढे वाटावेत तसा आनंद वाटला गेला. आईनेही सगळ्यांना सांगितलं. अभिमानाने सांगितलं, त्यात काही खोट नव्हती. ढापणी तिच्यामागे उभी राहून हसत राहिली आणि प्रत्येक अभिनंदनाला तिला कसंतरी व्हायचं.

हॉस्टेलला जायच्या आधी कपड्यांवर नाव घालायचं होतं, धुलाईला गेले की बदलू नयेत म्हणून. आईने घरची जुनी मशीन काढली. ढापणीने सगळे कपडे घड्या करून शेजारी ठेवले आणि वाट बघत बसली. आता आई विचारेल, मग आपण स्पेलिंग सांगू. निदान स्वतःचं नाव तरी.

आईने काही विचारलं नाही. तिने कपाटातून ढापणीचं परीक्षेचं ओळखपत्र काढलं, मशीनच्या पायाला टेकवून उभं केलं आणि त्यावर बघून एकेक अक्षर भरायला लागली. प्रत्येक कपड्याला पुन्हा मान वर करून बघायची. ढापणीकडे नाही, ओळखपत्राकडे. रागाने नव्हतं ते. तिला वाटलं असेल, छापलेलं बघितलेलं बरं.

यालाही आता बरीच वर्षं झाली. ढापणी औषधांच्या एका कंपनीत आहे. बाटल्यांबरोबर जी बारीक अक्षरातली माहिती येते, ती इंग्रजीतून सोप्या भाषेत आणायचं काम ती करते. मोठ्या बाई गेल्या. आई अजून त्याच घरात आहे, मशीनवर जात नाही. रविवारी ढापणी फोन करते आणि आई बोलते. खूप बोलते, नळाबद्दल, गुडघ्याबद्दल, किराणावाल्याच्या सुनेबद्दल. दोघींचं चांगलं चाललंय, कुणीही असंच म्हणेल. फक्त इतक्या वर्षांत आईने तिला एकाही शब्दाचा अर्थ विचारलेला नाही. इंग्रजी कागद आला की ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जाते. ढापणी म्हणते, "मला फोन करायचास ना, माझं कामच ते आहे." आई म्हणते, "तुला कशाला त्रास, तो इथेच तर आहे."

गेल्या महिन्यात मात्र भर दुपारी, ऑफिसच्या वेळेत आईचा फोन आला. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या होत्या, पाकिटावर काहीतरी छापलेलं होतं. "जरा बघ गं हे काय म्हणतात ते," आई म्हणाली आणि एकेक अक्षर वाचायला लागली. ढापणीने ऐकता ऐकता ते कागदावर उतरवलं. सोपं होतं, एका नजरेत कळलं होतं. तरी ती म्हणाली, "थांब हं, नीट बघून सांगते." डिक्शनरी उघडली, शब्द शोधला आणि मग सांगितलं. रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, काहीतरी खाऊन घ्यायच्या.

"बरं," आई म्हणाली. फोन ठेवला नव्हता तिने. रस्त्यावरचे आवाज येत होते, एक स्कूटर गेली. मग आईचाच आवाज आला, जरा लांबून, दुसऱ्या कुणाशी तरी बोलतानाचा. "अहो, यावर काय लिहिलंय तेवढं सांगता का?"

ढापणी फोन कानाला धरून बसली. औषधवाला काहीतरी बोलला. आई पुन्हा फोनवर आली.

"तोही तेच म्हणतोय," ती म्हणाली. "खाऊन घ्यायच्या."

"हो, आई. खाऊन घे."